भिंतीवर राहिलेला कागद

"जरा सरक की गो. अर्ध्या बाकड्यावर तू, अर्ध्यावर तुझी ती पिशवी. मी काय टपावर बसू?"

पोलादपूरच्या नाक्यावर जीप अजून सुरूही झाली नव्हती आणि आवडीवहिनींचं सुरू झालं होतं. पिशवीवाल्या बाईनं पिशवी मांडीवर घेतली. आवडीवहिनी ऐसपैस बसल्या, पदरानं गळा पुसला, आणि जागा मिळाल्यावर माणसाला जसा कंठ फुटतो तसं शेजारणीच्या कानाशी लागून म्हणाल्या, "आनि वाटेत तिला बी घ्यायची हाय म्हनं. त्या तेजश्रीला."

"कोन तेजश्री?"

"कोन म्हंजे? हरिबाच्या गाई पुसल्या ती."

माधुरी समोरच्याच बाकड्यावर बसली होती, आवडीवहिनींच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. जीपमध्ये कानाशी बोललेलं सगळ्यांसाठीच असतं. तिनं ऐकलं, आणि न ऐकल्यासारखं करून बाहेर भज्यांच्या गाडीकडे बघत राहिली. पुढच्या सीटवर सदू ड्रायव्हरच्या बाजूला नीलेश बसला होता. त्याची मान जराशी वळली आणि पुन्हा सरळ झाली. म्हणजे त्यानंही ऐकलं.

सगळे कुडपणला निघाले होते, हरिबाच्या वर्षश्राद्धाला. हरिबाच्या बायकोनं, सगुणाबाईनं, सदूकडून एकेकाला निरोप धाडला होता, आणि त्यात तेजश्रीचं नाव आवर्जून घेतलं होतं. का घेतलं, हे सदूला विचारायचं माधुरीच्या दोनदा ओठांवर आलं. विचारलं नाही. विचारलं असतं तर सदूनं काहीतरी सांगितलं असतं, आणि मग ते ऐकावं लागलं असतं.

आता गाई पुसणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. गाई काही फळ्यावर काढलेल्या नव्हत्या. पण महाड-पोलादपुरात तेव्हा हा शब्द सगळ्यांना कळत होता, इतकी ती गोष्ट गावभर झाली होती.

महाडच्या बाजारपेठेत तळमजल्यावर एक पशुधन केंद्र होतं, पुण्याच्या एका ट्रस्टनं काढलेलं. डोंगरावरच्या माणसांच्या गाई बुटक्या, काळ्या-तांबड्या, कड्यावर शेळीसारख्या चढणाऱ्या. बाहेरून आणलेली धिप्पाड जनावरं पहिल्याच पावसाळ्यात आडवी व्हायची, आणि ह्या मात्र भिजत, खोकत, चरत राहायच्या. त्यांची जात वेगळी आहे असं दाखवायचं तर आई, आजी, पणजी अशी वंशावळ हवी. माणसांची धड मिळत नाही तिथं गाईंची कोण सांगणार? पण डोंगरावरची म्हातारी माणसं सांगत. ती सांगत आणि केंद्रातली माणसं मशीनमध्ये टाइप करत.

मशीन म्हणजे त्या काळातला कॉम्प्युटर. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, उंदीर नाही, चित्र नाही. जे काय करायचं ते इंग्रजी अक्षरांत हुकूम टाइप करून. हुकमात एक अक्षर इकडचं तिकडं झालं की मशीन एक तर रुसायचं, नाही तर न रुसता भलतंच करायचं. दुसरं जास्त वाईट.

महाडचं मशीन माधुरीच्या ताब्यात. बारावीनंतर शिवणकाम शिकलेली बाई ती. मशीनसोबत आलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलं आणि शिकली. पोलादपूरची शाखा नीलेशकडे. तो ठाण्याला वर्षभर क्लास करून, सर्टिफिकेट लॅमिनेट करून परत आलेला. दोघं हुशार. दोघांचं एकमेकांवाचून अडायचं, आणि दोघांना ते आवडायचं नाही.

काम संपलं की मशीनमधल्या गाईंची प्रत फ्लॉपीवर काढून ठेवायची. त्यासाठी दोघांनी आपापल्या मशीनवर एक छोटासा हुकूम रचून ठेवला होता. त्याचं नाव दोघांनीही 'जतन' ठेवलं. तेवढं एक जमलं. हुकमाला दोन गोष्टी सांगाव्या लागत, कुठून घ्यायचं आणि कुठे ठेवायचं. सी म्हणजे मशीनच्या पोटातली डिस्क, ए म्हणजे फ्लॉपी. नीलेशच्या मशीनवर आधी कुठून, मग कुठे. माधुरीच्या मशीनवर आधी कुठे, मग कुठून.

"पाकिटावर आधी कुणाचं नाव लिहितो आपण?" माधुरी म्हणायची. "ज्याला जायचं त्याचं. मोठ्या अक्षरात. आपलं नाव खाली कोपऱ्यात, बारीक."

"ताई, एसटीच्या पाटीवर काय असतं? महाड-पोलादपूर. कुठून, मग कुठं. सिंपल. पाटी उलटी लावली तर पब्लिक भलतीकडं जाईल."

"पब्लिकला मी पाकिटात घालून पाठवणार नाहीये."

तिथं बसलेली सगळी हसली होती. नीलेशही हसला. पण हसता हसता म्हणाला, "कंपनीचं पुस्तकपण माझ्यासारखंच सांगतं. क्लास केला असतात तर ही गडबड झाली नसती."

पुस्तक त्याच्या बाजूनं आहे हे माधुरीला माहीत होतं. त्याच्याआधीपासून माहीत होतं. 'जतन' पहिल्यांदा रचलं तेव्हा तिला पाकीट सुचलं आणि ते तिला गोड वाटलं, एवढंच. चार ओळी बदलल्या असत्या तर झालं असतं. पण चारचौघांत क्लासचं नाव निघाल्यावर ती चार ओळी बदलेल? तिनं उलट एक मोठा पांढरा कागद घेतला, त्यावर लाल शाईनं मशीन कसं वापरायचं ते सगळं सुवाच्य लिहून काढलं, आणि स्वतः शिजवलेल्या खळीनं मशीनच्या मागच्या भिंतीवर डकवला. आठ दिवसांत पोलादपूरच्या भिंतीवर दुसरा कागद लागला, निळ्या शाईचा.

दोन्ही कागद आपापल्या जागी बिनचूक होते. फक्त दोन माणसांनी दोन वेगवेगळ्या जगांसाठी लिहावेत तसे होते. हिच्या कागदावर 'चकती', त्याच्या कागदावर 'फ्लॉपी'. इथं 'बाहेर ये', तिथं 'एक्झिट मार'. इथं हुकूम चौकटीत, तिथं अधोरेखित. दोन्ही ठिकाणी काम करणारी एकच होती, तेजश्री. पोलादपूरजवळच्या गावची, नुकतीच चिकटलेली, हाताला चपळ. आठवड्यातले तीन दिवस इथं, तीन दिवस तिथं.

"मला दोन सासवा हायत," ती सदूला जीपमध्ये सांगायची. "एक म्हणते मीठ आधी घाल, एक म्हणते शेवटी घाल. आमटी बिघडली की सून वाईट."

सदूनं ते माधुरीला सांगितलं. माधुरी खूप हसली. केंद्राचे मोठे डॉक्टर महिन्यातून एकदा यायचे, त्यांच्याही कानावर गेलं. ते म्हणाले, "अहो, दोघं बसा आणि कागद एक करा." दोघांनी "हो" म्हटलं. पुढच्या महिन्यातही म्हटलं.

जीप घाटाच्या पायथ्याशी थांबली. फाट्यावर तेजश्री उभी होती. अंगावर साधी हिरवी साडी, हातात नारळाची पिशवी. वर्षभरात वाळली होती. दसऱ्याला तिनं केंद्र सोडलं होतं. आता महाडात कुणाच्यातरी टेलिफोन बूथवर बसते, एवढं माधुरीला ठाऊक होतं. त्या बूथवरून फोन करायला माधुरी कधी गेली नव्हती. लांबच्या बूथवर जायची.

आवडीवहिनी हलल्या नाहीत. पिशवी मांडीवरून पुन्हा बाकड्यावर आली. माधुरी सरकली. तेजश्री टोकाला बसली आणि म्हणाली, "बऱ्या हाव का, माधुरीताई?"

"बरी आहे. तू?"

"बरी."

एवढंच. जीप चढाला लागली, गिअरची घरघर सुरू झाली, आणि सगळ्यांना न बोलायला कारण मिळालं.

हरिबाच्या गाईंचं असं झालं होतं. चैत्रात ट्रस्टनं ठरवलं की कुडपणच्या हरिबाची वंशावळ आधी घ्या, म्हातारं पिकलं पान आहे. पान कसलं, हरिबा सागाच्या खोडासारखा ठणठणीत होता. पण तो एका अटीवर तयार झाला. मागं कुणी सर्वेवाले आले होते, कागदावर लिहून नेलं आणि पुन्हा उगवले नाहीत. तेव्हा ह्या वेळी तो स्वतः मशीनशेजारी बसून सांगणार आणि त्याच्या डोळ्यांदेखत ते उमटलं पाहिजे. म्हणून दर बाजाराच्या दिवशी तो खाली महाडला यायचा, पागोटं काढून खुर्चीच्या पाठीला अडकवायचा आणि सुरू करायचा.

"लिव. ढवळी. ढवळीची आई कोसली. कोसलीची आई चांदनी, ती वाघानं नेली, पर त्याच्या आधी व्याली व्हती. चांदनीची आई मोरी. ही मोरी नव्हं, ती थोरली मोरी."

गाईंची नावं इंग्रजी अक्षरांत उमटायची. वाचता येत नसे, पण तो पडद्याला बोट लावून विचारायचा, "ही कोन?" माधुरी सांगायची, "चांदणी." "बारकी दिसती," असं म्हणून तो मिशीत हसायचा. माधुरी हाताशी कच्चे कागदही ठेवायची, आणि संध्याकाळी खालच्या कपाटात टाकायची. चैत्रापासून आषाढापर्यंत हरिबा सांगत होता. शेवटच्या दिवशी पागोटं बांधताना म्हणाला, "झालं बाय. माझ्या डोक्यातनं निघाल्या, तुझ्या गोठ्यात आल्या. आता मी मोकळा."

फ्लॉपीवरची प्रत मात्र चैत्रातलीच राहिली होती, हरिबा यायला लागला त्याच्याआधीची. काढू, काढू म्हणत राहून गेली.

आणि आषाढात सावित्री नदी वाढली. महाडच्या बाजारपेठेला ह्याचं नवल नाही. पाणी येणार म्हटलं की दुकानदार तांदळाची पोती, कापडाचे तागे, तेलाचे डबे माळ्यावर चढवतात, आणि ज्याचा माळा गळका तो जीप बोलावतो. केंद्राचा माळा गळका होता. म्हणून दर पावसाळ्यात महाडचं मशीन घोंगडीत आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पोलादपूरला जायचं, पाणी ओसरेपर्यंत नीलेशच्या टेबलावर पाहुणं राहायचं. दरवर्षी माधुरी सोबत जायची आणि पाहुण्याचं सगळं स्वतः करायची. त्या वर्षी तिच्या स्वतःच्या घरात पाणी शिरायला आलं होतं. तिनं मशीन सदूच्या जीपमध्ये चढवलं, फ्लॉपीचा डबा सदूच्या हाती दिला, "हळू ने रे" म्हणाली आणि घराकडे पळाली.

मशीन गेलं. कागद भिंतीवर राहिला. खळ चांगली शिजवली होती.

पोलादपूरला त्या दुपारी नीलेश नव्हता, लसीकरणाला वरच्या वाड्यांवर गेला होता. तिथल्या एका दुकानातून त्यानं तेजश्रीला फोन केला. "महाडचं मशीन आलं का? पहिलं काम, एक कॉपी काढून ठेव. लाइटचा भरोसा नाय. भिंतीवर लिहिलंय तसंच कर, डोकं चालवू नको."

तेजश्रीनं डोकं चालवलं नाही. समोरच्या भिंतीवर निळ्या शाईचा कागद होता. त्याखाली महाडचं मशीन होतं. कागदात होतं तसं तिनं टाइप केलं: जतन, सी, ए. मशीननं आपल्या मालकिणीच्या सवयीप्रमाणं त्याचा अर्थ लावला. फ्लॉपीवरच्या चैत्रातल्या गाई उचलल्या आणि पोटातल्या गाईंवर नेऊन ठेवल्या. पडद्यावर उमटलं की एक फाइल उतरवली. ते वाक्य दोन्ही दिशांना सारखंच असतं.

दुसऱ्या दिवशी नीलेशनं उघडून पाहिलं तर ढवळी नव्हती. कोसली नव्हती. चांदणी नव्हती, दोन्ही मोऱ्या नव्हत्या.

महाडची टेलिफोनची लाइन सुरू झाली तेव्हा माधुरी ऑफिसातला चिखल उपसत होती. खालच्या कपाटातले कच्चे कागद काढायला गेली तर हातात लगदा आला. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे आधी नीलेश होता, मग त्यानं फोन तेजश्रीला दिला. माधुरीनं एकच विचारलं. "कुठला कागद बघून केलंस?"

"भिंतीवरचा, ताई."

माधुरीनं मान वर करून स्वतःच्या भिंतीकडे पाहिलं. पाणी कागदाच्या खालच्या कडेपर्यंत येऊन गेलं होतं. लाल अक्षरं जशीच्या तशी होती.

फोनवर तिघंही होती आणि तिघांनाही कळलं होतं. आता कुणीतरी एक वाक्य बोलायचं होतं. नीलेशला वाटलं ताई बोलतील, मशीन त्यांचं. माधुरीला वाटलं तो बोलेल, कागद त्याचा, आणि "डोकं चालवू नको" तोच म्हणाला. तेजश्रीला वाटलं मोठी माणसं आहेत, बोलतीलच. मग मोठे डॉक्टर आले, त्यांनी विचारलं, "मशीनवर कोण होतं?" आणि नीलेश म्हणाला, "तेजश्री होती." हे खरंच होतं. माधुरीनं मान खाली घातली. डॉक्टर तेजश्रीला एक शब्दही कठोर बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "लक्ष पाहिजे हो." त्या दिवसापासून ती 'गाई पुसणारी' झाली.

"आत्ताच वर कुडपणला काही बोलू नकोस," माधुरीनं तिला सांगितलं. सदूलाही सांगितलं. "पुण्याला डिस्क पाठवू. परत मिळतंय का बघू आधी. उगाच म्हाताऱ्याच्या जिवाला घोर कशाला?"

डिस्क पुण्याला गेली. श्रावण गेला. गौरी-गणपती आले, गेले. पुण्याहून काही आलं नाही. कुडपणला जाऊन हरिबाला सांगायचं ते कुणी? नीलेश म्हणाला, "ताईंचा त्याच्याशी जास्त घरोबा." माधुरी म्हणाली, "शाखा त्याची, गाव त्याच्या हद्दीतलं." पाऊस होता, रस्ता खचला होता, ताप आला होता. न जायची कारणं काही कमी पडत नाहीत.

भाद्रपदात एकदा ती कामानं पोलादपूरला गेली होती. बाजारात लांबून तिला पागोटं दिसलं. हरिबा माणसांच्या डोक्यांवरून मान उंच करून कुणाला तरी शोधत होता. त्याची नजर आपल्याकडे वळतेय असं वाटताच ती समोरच्या कापडाच्या दुकानात शिरली. काहीतरी मागायला हवं म्हणून ब्लाउजपीस मागितला. जांभळा. जांभळं ती कधी घालत नाही. तो अजून ट्रंकेत आहे, न शिवलेला, आणि ती शिवणकाम शिकलेली बाई आहे.

दसऱ्याला तेजश्रीनं नोकरी सोडली. कार्तिकात हरिबा गेला. झोपेत गेला. खाली निरोप आला तेव्हा माधुरी आणि नीलेश एका टेबलाशी बसली, न ठरवता. एक नवा कागद घेतला. आधी कुठून, मग कुठे. फ्लॉपीला फ्लॉपी. प्रत्येक मशीनच्या अंगावरच चिकटवायचा, भिंतीवर नाही. दोन्ही मशीनवरचा हुकूम एक केला. समोर ठेवलेला चहा प्यायच्या आत सगळं झालं. चहा प्यायला मात्र कुणाला धीर झाला नाही.

कुडपणच्या पठारावर वारा सुटला होता. गवत पिवळं पडलं होतं. सगुणाबाईनं अंगणात पंगत मांडली होती, आणि दारातच उभी राहून येणाऱ्या एकेकाला न्याहाळत होती. तेजश्री पाया पडली तेव्हा तिनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो लगेच काढला नाही.

पंगतीला वाढप सुरू झालं. तेजश्री पदर खोचून खिरीचं पातेलं उचलायला गेली. आवडीवहिनी तिच्या आधी वाकल्या.

"ऱ्हाऊ दे गो. तुझ्या हाती दिलं नि तू पातेलंच पुसून ठेवलंस तर?"

दोघीतिघी फिसकन हसल्या. तेजश्रीनं हात मागं घेतला. पदराचं खोचलेलं टोक सोडवलं आणि कडेला जाऊन उभी राहिली. माधुरीचा घास हातातच राहिला. आता, तिच्या मनात आलं. आत्ताच. तिनं समोर पाहिलं. नीलेश भात कालवत होता. कालवून झालेला भात पुन्हा कालवत होता.

तिनं घास तोंडात घातला.

जेवणं उरकली तरी कुणी उठलं नाही. गाईंना घास द्यायचा होता. हरिबाचा मुलगा चांगू बांधावर जाऊन उभा राहिला आणि त्यानं हाळी घातली. "ढवळेऽ! तांबूऽ! मोरेऽ!" गवतातून एकेक काळं-तांबडं डोकं वर आलं. गाई आल्या, लहानशा, शिंगं आत वळलेल्या, आणि चांगूच्या हाताला हुंगायला लागल्या.

"ही ढवळी का?" पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारलं. "हिची आई कोण?"

"कोसली," चांगू म्हणाला.

"आणि तिची?"

चांगू थांबला. घास ढवळीच्या तोंडात दिला, हात धोतराला पुसला. "त्याच्या वरचं म्हातारबाला म्हाईत व्हतं," तो म्हणाला. "आनि त्या मशीनला."

अंगणात बसलेल्यांच्या माना एकेक करून वळल्या. जिच्याकडे वळायच्या तिच्याकडेच. माधुरीला कोसलीची आई ठाऊक होती. चांदणी, वाघानं नेली ती. पण चांदणीच्या पुढं? थोरली मोरी. आणि तिच्याही पुढं? तिनंच टाइप केलं होतं, तिच्याच बोटांनी, आणि बोटांत आता काही नव्हतं.

तेजश्रीनं कोपऱ्यातली रिकामी पिशवी उचलली. "मी उतरते खाली," ती सदूला हळू म्हणाली. "पायानं जाईन. तुमी या सावकाश."

"कुठं चाललीस गो?" सगुणाबाई दारातूनच म्हणाली. "बस हितं. माझ्यापाशी बस."

"आजी, उशीर होईल."

"व्हऊ दे. बस."

तेजश्री बसली. सगुणाबाईही तिच्याशेजारी जोत्यावर टेकली आणि ढवळीकडे बघत, कुणालाच न सांगितल्यासारखं बोलायला लागली.

"सदूनं सांगितलं व्हतं म्हाताऱ्याला. दुसऱ्या दिशीच. सांगू नको म्हनला व्हतात तुमी, म्हनून तुमच्यापाशी पोटात घालून बसला. पर हितं सांगितलं."

सदू मांडीवरच्या टोपीची शिवण चाचपत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"मग?" माधुरीच्या तोंडून निघालं. "बाबा काय म्हणाले?"

"हसला. म्हनला, पुसल्या तं पुसल्या, जित्या तं नाय मेल्या? परत सांगू. पोरं येतील वर, लाजून दोन दिस लावतील, पर येतील." तिनं पदरानं नाक पुसलं. "मंग रोज गुरं आनताना पयल्यापासनं म्हनायचा सगळ्यांची नावं. कधी म्हनत नव्हता. ऐन टायमाला चुकाया नको म्हनून म्हनायचा. जीप वाजली का उठून बांधावर. एकदा बाजारात बी गेला व्हता सोधीत. आला नि म्हनला, माधुरीबाय दिसली व्हती गो, पर लई घाईत व्हती."

वाऱ्यानं पत्रावळी उडायला लागल्या. कुणी धरल्या नाहीत.

"सगुणाबाई," नीलेश म्हणाला. घसा साफ केला. "ॲक्चुअली ते मशीन आणि तो कागद..."

"मला मशीनमधलं काय कळत नाय रे बाबा," सगुणाबाई म्हणाली. आता ती ढवळीकडे बघत नव्हती, दोघांकडे बघत होती. आवाज चढलेला नव्हता, उलट समजूत काढावी तसा होता. "मशीन तुमचं, कागद तुमचं, भांडान तुमचं. ह्या पोरीनं लिवलं व्हतं तसं केलं. गाई तिनं नाय पुसल्या. आनि पुसल्या तरी म्हातारा कार्तिकापतूर जिता व्हता. सगळ्या तोंडपाठ घेऊन हितं बांधावर बसून व्हता. तुमी आलाच नाय."